रायबाघन कोणाची?

माहूरच्या देशमुख घराण्यातल्या सावित्रीबाईचे, म्हणजे रायबाघनचे, नाव काढले की आक्षेप ठरलेला असतो: ती मोगलांची चाकर, तिचे कौतुक आपण का करायचे? पाठोपाठ दुसरा टोला येतो. उंबरखिंडीत तिने केले काय, तर ‘शरण जा’ म्हणून सांगितले. तिला कसली वीरांगना म्हणता?

कळंब आणि माहूर ही मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातली सरकारे होती. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराच मुलूख त्यांतच मोडत असे. पतीमागे वतन सांभाळणाऱ्या बाईपुढे ‘स्वराज्य की मोगल’ असा प्रश्न कोणी टाकलेलाच नव्हता. वतन राखायचे तर फौजेनिशी चाकरीला उभे राहणे भाग होते. खुद्द शहाजीराजांनी निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशी तिघांचीही चाकरी केली. त्यांना आपण त्या काळाच्या मापाने मोजतो, आणि ते योग्यच आहे. बाईची पाळी आली की तेच माप नेमके हरवते!

आता उंबरखिंड. 2 फेब्रुवारी 1661. शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याकडून घाट उतरून कोकणात निघाला होता. अरुंद वाट, दाट झाडी, जवळ अवजड सरंजाम. त्यात शिवाजी महाराजांनी दोन्ही बाजूंनी कोंडी केलेली. या रानात शिरलास हीच चूक, असे खानाला तोंडावर सुनावणारी आणि शरण जाण्याचा सल्ला देणारी व्यक्ती त्या फौजेत एकच होती. खानाने ऐकले, आणि खंडणी भरून फौज जिवंत सुटली. गमजा मारून शिपाई कापून घेणारे सरदार पैशाला पासरी मिळत. हरलेली लढाई वेळेवर ओळखायला डोळा लागतो.

तिची कैफियत कोणी मोगल बखरकार मांडत नाही. महाराजांचेच कवी परमानंद ‘शिवभारता’त ती मांडतात, तिच्या तोंडी स्पष्ट भाषण घालून. महाराजांच्या पदरच्या कवीला जिचा उल्लेख कमीपणाचा वाटला नाही, तिच्यापासून महाराजांचा मान राखायला आपण कोण निघालो?

हरलेल्या बाजूच्या बाईचाही मान कसा राखतात, ते जपानकडे बघा. आइझूची नाकानो ताकेको 1868 साली नागिनाता (लांब दांड्याचे पाते) घेऊन सम्राटाच्या फौजेवर चालून गेली आणि छातीत गोळी लागून पडली. ज्या सत्तेविरुद्ध ती लढली, त्याच सत्तेने पुढे आधुनिक जपान घडवला. तरी आइझूत तिचे स्मारक आहे. ऐतिहासिकता वादात असलेली योद्धा स्त्री तोमोए गोझेनही ‘हेइके मोनोगातारी’ या जपानी युद्धकथेत येते ती हरलेल्या योशिनाकाच्या बाजूने.

रायबाघन स्त्रीमुक्तीसाठी लढली, असा दावा मी करणार नाही. ती वतनासाठी लढली. तिच्या काळातले बहुतेक पुरुषही त्यासाठीच लढत होते. आज उमरखेड-महागावची माणसे पैनगंगा ओलांडून माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जातात. त्याच माहूरच्या देशमुखिणीचा धडा आपल्या मुलांच्या पुस्तकात का नाही, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे.