सातारा म्हणजे सहारा!

सहारा आणि सातारा, फरक एका अक्षराचा. खार्टुम आणि कऱ्हाड, दोन्ही गावं दोन मोठ्या नद्यांच्या संगमावर. तिथे पांढरी नाईल आणि निळी नाईल, इथे कृष्णा आणि कोयना. अंगोलाला पुढून 'स' चिकटवला की सांगली काही लांब राहत नाही. तेव्हा सिद्ध झालं, की आमचे दोन्ही जिल्हे आफ्रिकेतल्या लोकांनी वसवले आणि कऱ्हाडजवळची आगाशिवची लेणीही त्यांनीच कोरली!

हसू आलं ना? मग हाच न्याय उलट्या दिशेने लावलेला मजकूर वाचताना आपल्याला हसू का येत नाही, एवढंच मला विचारायचंय.

तो मजकूर तुमच्याकडेही आला असेल. बायबलमध्ये आफ्रिकेतल्या 'कूश' नावाच्या देशाचा उल्लेख आहे. हा कूश म्हणजे प्रभू रामचंद्रांचा पुत्र कुश. आफ्रिका म्हणजे पुराणांतलं कुशद्वीप. आणि नाईलचा उगम इंग्रजांना सापडला तो पुराणांतला नकाशा पाहून. शेवटी 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. मला तो आजवर चार वेळा आला. पाठवणारे सगळे शिकलेले, त्यातले दोन तर निवृत्त शिक्षक.

आता एकेक बघू.

कूश हा देश खराच होता, आजच्या सुदानात. त्याची पहिली मोठी राजधानी केर्मा. इ.स.पू. २५०० ते १५०० या हजार वर्षांत तिथे नगर होतं, आणि कच्च्या विटांचं एक प्रचंड मंदिर आजही उभं आहे. इजिप्तच्या लेखांत 'कूश' हे नाव इ.स.पू. २००० च्या आसपासपासून दिसतं. त्या लिपीत स्वर लिहीत नसत. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या अक्कडी पत्रांवरून पाहिलं तर तेव्हाचा उच्चार 'काशी'च्या जवळ जातो. (हे कुणाला सांगू नका, नाहीतर उद्या वाराणसी सुदानात जाईल.) म्हणजे ज्या 'कु'वर सगळा डोलारा उभा, तो 'कु'च पक्का नाही.

बरं, आपले ग्रंथ काय म्हणतात? रामायणाच्या उत्तरकांडात कुशाची राजधानी कुशावती, विंध्याच्या पायथ्याशी. समुद्र ओलांडून तो गेल्याचं तिथे काही नाही. आणि कुशद्वीपाला ते नाव कुश गवतावरून पडलंय. विष्णुपुराणात त्या द्वीपाभोवती तुपाचा समुद्र आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तूप कुठे लागतं ते मजकूर पाठवणाऱ्यांनी कळवावं.

राहिला नकाशा. ही गोष्ट मात्र मुळातूनच सांगण्यासारखी आहे. कंपनीच्या सैन्यातला फ्रान्सिस विल्फर्ड नावाचा अधिकारी काशीला राहून पुराणांत इजिप्त आणि नाईल शोधत होता. १७९२ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या तिसऱ्या खंडात त्याने लांबलचक लेख लिहिला. कूश म्हणजे कुशद्वीप, नाईल म्हणजे पुराणांतली काली. सोबतच्या नकाशात नाईलला चक्क 'मोठी कृष्णा' म्हटलं होतं. (महाबळेश्वर, वाई, माहुली, कऱ्हाड करत हरिपूरला वारणेला भेटणारी आमची कृष्णा मग धाकटी म्हणायची!) पुढे कळलं, की साहेबाला जे हवं होतं तेच त्याचा पंडित पोथ्यांत घालत होता. नावं बदललेली, नवे श्लोक रचून घुसडलेले. विल्फर्डने १८०५ साली, त्याच मालिकेच्या आठव्या खंडात, आपण फसलो हे छापून कबूल केलं.

पण कबुली कोण वाचतो? पंचावन्न वर्षांनी, १८६० मध्ये, तोच लेख झांजिबारला जॉन स्पीकच्या हातात पडला, त्याला तो आवडला, आणि त्याने तो आपल्या १८६३ च्या पुस्तकात घेतला. पण ज्या सरोवरातून नाईल निघते ते व्हिक्टोरिया सरोवर स्पीकने १८५८ सालीच पाहिलं होतं. नकाशा त्याला नंतर मिळाला. आणि आज दोनशे वर्षांपूर्वीची ती लबाडी आपण 'प्राचीन ज्ञान' म्हणून एकमेकांना पाठवतोय. साहेबाला खूश करायला एका पंडिताने केलेला उद्योग आपल्या अभिमानाचा विषय व्हावा, यापरती थट्टा नाही.

कुणी म्हणेल, जाऊ द्या हो, कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. कारण 'हे आमच्या माणसाने केलं' म्हणताना आपण 'हे तुमच्याने झालं नसतं' असंही म्हणत असतो.

काय केलं होतं त्या लोकांनी? इ.स.पू. आठव्या शतकात कूशचा राजा पिये उत्तरेला निघाला आणि त्याने इजिप्त जिंकलं. त्याचा विजयलेख मिळाला आहे. एका हरलेल्या राजाच्या तबेल्यात घोडे उपाशी ठेवलेले पाहून पिये संतापल्याचं त्यात नोंदवलंय. त्याच घराण्यातला तहार्का बायबलच्या जुन्या करारात 'तिर्हाका' म्हणून येतो, अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला तेव्हा त्याच्याशी लढायला निघालेला कूशचा राजा. त्याच ग्रंथात यिर्मयाला चिखलाच्या विहिरीतून दोर टाकून वर काढणारा माणूसही कूशी आहे. पुढे राजधानी मेरोवेला गेली. तिथे लोखंड गाळलं जात होतं आणि स्वतःची लिपी होती. तिची अक्षरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागली, भाषा अजून पुरती उमगलेली नाही. 'कंदाके' ही राजघराण्यातल्या थोर स्त्रियांची पदवी. अशाच एका कंदाकेच्या सैन्याने इ.स.पू. २५ च्या सुमारास रोमनांवर चाल केली, आणि सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचं मुंडकं मेरोवेच्या एका मंदिराच्या पायरीखाली पुरलं, येणाऱ्याजाणाऱ्याने तुडवावं म्हणून! आणि सुदानात पिरॅमिड दोनशेच्या वर आहेत.

हे सगळं त्यांच्याकडून काढून घेणारे आपण पहिले नाही. १८३४ साली फेर्लिनी नावाच्या इटालियनाने सोन्यासाठी मेरोवेचे पिरॅमिड फोडले. १९१३ साली केर्मा खणणाऱ्या जॉर्ज राइसनरने एवढ्या भव्य कबरी पाहून निष्कर्ष काढला, की त्या इजिप्शियन सुभेदारांच्या असणार. काळ्या माणसांना हे जमेल हे त्याला पटेना. ते खोडून काढायला पुढच्या पिढ्यांना पुष्कळ खणावं लागलं. राइसनर म्हणाला इजिप्तचं, आपण म्हणतो अयोध्येचं. आपल्या लेण्यांत जे सुबक दिसेल ते ग्रीकांकडून आलं म्हणणाऱ्या साहेबांवर आपण चिडतो ना? मग?

आफ्रिकेशी नातं हवंच असेल तर ते पोथ्यांत घुसडावं लागत नाही. साताऱ्याजवळ धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामींची समाधी आहे. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दी सातने चिपळूणजवळचं परशुराम मंदिर उद्ध्वस्त केल्यावर स्वामी घाटावर आले. शाहू महाराजांच्या काळची जंजिऱ्याची मोहीम सगळ्यांना ठाऊक आहे. ते सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. निजामशाही तोलून धरणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. हे शत्रुत्वाचं असेल, मैत्रीचं असेल, पण खरं नातं. त्यातून आपण काय उचललं? 'हबशी' ही शिवी. पुण्यात कित्येक वर्षं सुदानी मुलं शिकायला येतात. त्यांना खोली भाड्याने द्यायची वेळ आली की ज्यांच्या पूर्वजांना आपण रामाचे वंशज ठरवलं, त्यांनाच दारातून परत पाठवतो. पाहुण्याला खोली नाही आणि त्याच्या आजोबांच्या वाड्यावर मात्र आपली पाटी!

सुदानात २०१९ च्या उठावात रस्त्यावर उतरलेल्या बायकांना लोक 'कंदाका' म्हणत होते. दोन हजार वर्षांनी तो शब्द तिथे जिवंत आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धात खार्टुमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. ज्यांच्या हातून वस्तू चालल्या आहेत, त्यांच्याकडून निदान नाव तरी आपण हिसकावू नये.

तेव्हा तो मजकूर पाचव्यांदा आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, कुठलं पुराण, कुठला अध्याय? मी विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.