कायद्यातील एक ‘किंवा’

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे मोटारीच्या पुढील आसनावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा, अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला. प्रौढांचे प्राण वाचवण्यासाठी केलेली योजना बालकाच्या जिवावर उठली, याबद्दल हळहळ व्यक्त झाली. मात्र मोटारीत मुलांनी कोठे आणि कसे बसावे, या मूळ प्रश्नाची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ‘१९४ ब’ हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे. गोम आहे ती ‘किंवा’ या शब्दात. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा अडकवला, तरी कायद्याचे अक्षर पाळले जाते. वास्तविक हा पट्टा प्रौढ देहयष्टी गृहीत धरून बेतलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत तो खांद्याऐवजी गळ्यावरून आणि कमरेऐवजी पोटावरून जातो. त्यामुळे धडकेच्या वेळी तो स्वतःच इजेचे कारण ठरू शकतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत त्याच्यासाठी स्वतंत्र आसन सक्तीचे आहे. आपल्या कलमाला वय ठाऊक आहे, उंची नाही.

आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, ही आपल्याकडील समजूत घरात खरी असेल. धावत्या मोटारीत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकून दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाचे बाळ धरून ठेवण्यास सरासरी १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. ते कोणत्याही माउलीच्या हातांत नसते. योग्य आसनामुळे अर्भकांच्या मृत्यूंत ७१ टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

परंतु आसन विकत घेतले म्हणजे काम संपले, असेही नव्हे. ते बसवण्यातच खरी परीक्षा आहे. अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी. म्हणून त्याचे आसन मोटारीच्या मागील बाजूस तोंड करून बसवावे लागते. धडकेचा भार मग मानेवर न येता पाठीवर विभागला जातो. मात्र एअरबॅग सुरू असलेल्या पुढील जागेवर असे आसन ठेवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. आसन शक्यतो मागेच, आयसोफिक्सच्या कड्यांना किंवा सीटबेल्टने घट्ट जखडावे. ज्या ठिकाणी ते बांधले आहे तेथे धरून हलवल्यास अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला, तर तो सैल आहे असे समजावे.

ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत बालकांच्या सुरक्षिततेसाठी मोटारींना स्वतंत्र तारे दिले जातात. हे पाऊल स्वागतार्हच. तथापि, हे तारे योग्य आसनात बसवलेल्या बाहुल्यांच्या चाचणीवर ठरतात. मांडीवरच्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

तेव्हा कलमातील ‘किंवा’ला वय आणि उंचीची मर्यादा घालणे, ही पहिली गरज आहे. दुसरी गरज शिकवण्याची. प्रसूतिगृहातून बाळ घरी नेताना लशींचा तक्ता हाती दिला जातो. त्याच वेळी आसन कसे बसवावे, हे दाखवायला कितीसा वेळ लागेल? आणि ज्यांना स्वतःची मोटार नाही, त्यांच्या मुलांनी टॅक्सीत कसे बसावे, याचे उत्तरही सरकारलाच द्यावे लागेल. हजार रुपयांच्या पावतीने ते मिळणार नाही.