१२० दिवस आणि शेवटचा बाक

"तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य किती?" असे विचारले की मुले एका सुरात सांगतात, "१२० दिवस!" आपण खूश. पण शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या पोराशी या उत्तराचा संबंध आपण जोडतो का?

मी नाही जोडला. तिसरीतल्या एका मुलीला मी कित्येक महिने आळशी म्हणत होते. आरोग्य तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ८ निघाले. या वयात ते ११.५ च्या खाली नको. खरं सांगते, लाज वाटली.

तांबड्या पेशीत केंद्रकसुद्धा नसते, सगळी जागा हिमोग्लोबिनला. फुफ्फुसातून ऑक्सिजन घ्यायचा नि मेंदूपासून पोटरीपर्यंत पोचवायचा, एवढंच काम. पण हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. जुन्या पेशी मोडल्या की त्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं, तरी वाढत्या वयात तेवढ्यावर भागत नाही.

म्हणून माझं मत आहे, हा धडा गुलाबी गोळीच्या दिवशीच शिकवा. आठवड्याची ती लोहाची गोळी आपण हजेरी घेतल्यासारखी वाटतो आणि मुलं खिडकीबाहेर टाकतात. का खायची, हे कुणी सांगितलेलंच नसतं! शी काळी होते म्हणून घाबरतात, तेही आधी सांगा. गोळी जेवणानंतरच. घरी मात्र जेवणावर लगेच चहा नको. भाजीवर लिंबू पिळा.

आणि फिकट दिसणाऱ्या प्रत्येक मुलाला लोहच कमी असतं असं नाही. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलही असू शकतो. तिथे आधी तपासणी.