भूक परत येते तेव्हा तुम्ही कुठे असता?

प्रति,
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक, त्यांच्या रुग्णालयांचे व्यवस्थापक, भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक आरोग्य विभाग यांस,



मी मराठवाड्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. पुण्या-मुंबईला जाऊन ‘स्लीव्ह’ किंवा ‘बायपास’ करून आलेली माणसं माझ्याकडे येतात, पण ऑपरेशननंतर लगेच नाही, वर्ष-दीड वर्षाने. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं : “मॅडम, मला पुन्हा भूक लागायला लागलीय.” हे सांगताना त्यांची मान खाली असते. लाखो रुपये खर्च झाले, घरच्यांनी धावपळ केली आणि आपणच सगळं वाया घालवलं, असं त्यांना वाटत असतं. भूक परत येणारच होती, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे पत्र.

या शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. गुडघे, साखर, रात्रीचा श्वास सगळंच वजनाखाली दबलेल्या माणसांना तिने पुन्हा चालतंफिरतं केलेलं मी पाहिलं आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं आणि घटलेल्या वजनाचा बराच भाग दहा वर्षांनंतरही टिकून होता. मात्र तोच अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो : वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली जातं आणि त्यानंतर काही प्रमाणात वाढतं. हा या उपचाराचा ओळखीचा टप्पा आहे. मग त्याची तयारी उपचारातच का नसावी?

कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. त्यातल्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन तयार होतं, जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधलेलं भूक चाळवणारं संप्रेरक. तो भागच गेल्यामुळे सुरुवातीचे महिने भूक जवळजवळ मरते. बायपासमध्ये अन्न लवकर लहान आतड्याच्या पुढच्या भागात पोचतं आणि तृप्ती देणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. पण शरीर घटलेलं वजन सहज स्वीकारत नाही. ते भुकेच्या वाटेने प्रतिकार करतं. उरलेलं जठरही काळानुसार थोडं सैलावतं. कुणाला सहा महिन्यांनी, कुणाला दीड वर्षाने भूक पुन्हा जाणवू लागते. ही शरीराची रीत आहे, रुग्णाचा दोष नाही.

आता तुमच्या सेवेचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहा. माझ्याकडे येणाऱ्यांच्या कागदांवर टाके पाहण्याची भेट असते, महिन्याची असते, तीन महिन्यांची असते. पुढे काही नसतं. अनेक विमा पॉलिसींत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च ६० किंवा ९० दिवसांपर्यंतच मिळतो. म्हणजे भूक मेलेली असते, वजन आपोआप उतरत असतं, तोवर सगळे सोबत असतात. भूक जागी होते, किती खायचं आणि कुठे थांबायचं हा खरा प्रश्न सुरू होतो, तेव्हा रुग्ण एकटा असतो. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे : काळजी जिथे संपते, तिथूनच तिची गरज वाढते.

आता ताटाकडे येते. रुग्णांच्या फायलीत आहाराचा जो कागद सापडतो तो बहुधा इंग्रजीत असतो. त्यात कप आणि औंस असतात, ग्रीक योगर्ट, ट्यूना आणि ब्रोकोलीचं सूप असतं. ज्या घरात ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी होते, तिथे तो कागद फायलीतच राहतो. आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, एवढा क्रम लोकांच्या लक्षात असतो. पण ‘नेहमीचं’ म्हणजे किती? ‘अर्धी वाटी’ असं उत्तर मिळतं. वाटी कोणती? आमच्या घरांत शंभर मिलीची वाटी असते आणि अडीचशेचीही असते. मापातला एवढा फरक रोज चार-पाच वेळा झाला, तर सगळा हिशेबच बदलतो.

आमच्या जेवणाची रीतही तुमच्या नियमांशी अडखळते. तुम्ही सांगता : आधी प्रथिनं, मग भाजी, भाकरी-भात शेवटी. आमच्या बऱ्याच घरांत पहिला घास वरणभाताचा असतो. इवलंसं जठर त्यातच भरतं आणि उसळ, अंडं ताटात राहतं. तुम्ही सांगता : जेवताना पाणी नको, आधी आणि नंतर अर्धा तास थांबा. पण आमटीत कुस्करलेली भाकरी हे आमचं रोजचं जेवण आहे. ती न चावता घशाखाली उतरते आणि पोट भरल्याची खूण मिळायच्या आत आणखी एक चतकोर संपते. चहात बुडवलेलं बिस्किट, चिवडा, शेव यांचंही तसंच. हे पदार्थ जठरात रेंगाळत नाहीत. ज्याला पाव वाटी उसळ जड जाते, तो दिवसभरात थोडा थोडा करून पावशेर फरसाण संपवू शकतो आणि तरी “मी तर काहीच खात नाही” असं मनापासून म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. घट्ट पदार्थ बसून, चावून खाल्ला की पोट का भरतं आणि मऊ-कुरकुरीत येताजाता खाल्लं की का भरत नाही, हे त्याला समजावलेलं नसतं.

पोट भरल्याच्या खुणाही शिकवाव्या लागतात. छातीच्या मध्यभागी दाब, एखादी उचकी, नाकातून पाणी येणं, अशा साध्या खुणा दिसल्या की थांबायचं. पुढचा घास घेतला तर उलटी. त्याचप्रमाणे स्लीव्हनंतर बऱ्याच जणांना आम्लपित्ताचा त्रास होतो आणि ती जळजळ भुकेसारखी वाटते. मग ती शमवायला दूध-बिस्किट सुरू होतं. इथे गरज औषधाची असते, खाण्याची नसते. दहा मिनिटांच्या बोलण्यात कळणारी ही गोष्ट दोन-दोन वर्षं न कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि घर. ‘पानात टाकू नये’ हा आमच्यावरचा संस्कार आहे आणि पंगतीतला आग्रह हा जिव्हाळा समजला जातो. ऑपरेशन झालेल्या सुनेला सासूबाई काळजीनेच म्हणतात, “एवढंसं खाऊन कसं होणार गं?” याहून कठीण गोष्ट वेळेची आहे. तुमचा सल्ला असतो की एक जेवण वीस ते तीस मिनिटं, सावकाश, प्रत्येक घास नीट चावून. पण अनेक घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते. उरलेलं, गार झालेलं, ओट्याशी उभ्यानेच उरकते. तिला रोज ती तीस मिनिटं कोण देणार? समुपदेशनाच्या खोलीत एकट्या रुग्णाला बसवून हे सुटणार नाही. तिथे नवरा हवा, सासू हवी, आणि घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती तर हवीच.

भूक नसतानाच्या महिन्यांत धोका उलटा असतो. साधारणपणे दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत असं सांगितलं जातं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सात. अर्ध्या वाटीच्या जेवणात शाकाहारी माणूस ६० पर्यंत पोचायचा तर प्रत्येक घास ठरवून घ्यावा लागतो : पनीर, सोया, घट्ट दही, मुगाचं धिरडं, गरज पडल्यास प्रथिनांची पावडर. त्यात आमच्याकडे उपवास असतात आणि उपवासाला साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिष्ट. बी-१२ जीवनसत्त्वाची गोष्टही तशीच. आपल्याकडे त्याची कमतरता आधीच किती पसरली आहे, हे पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने दाखवलं आहे. त्यावर ही शस्त्रक्रिया झाली की बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांकडे जन्मभर लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या संपल्या आणि अंगात त्रास नाही, म्हणून त्या बंद करणारे रुग्ण मला नेहमी भेटतात.

एका गोष्टीबद्दल मात्र मला भीती वाटते. ऑपरेशननंतर कुणाला सतत उलट्या होऊ लागल्या, तर तो गावातल्या दवाखान्यात जातो. तिथे सलाईन लावलं जातं, बहुतेकदा ग्लुकोजचं. अशा रुग्णात थायमिन, म्हणजे बी-१, घटलेलं असू शकतं. ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला गंभीर इजा होण्याचा धोका असतो. बायपास झालेल्याला गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं दिली, तर जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. गावच्या डॉक्टरांना दोष देऊन काय होणार? त्यांच्या हातात ऑपरेशनची माहिती देणारा कागदच नसतो.

म्हणून माझ्या मागण्या, ज्याच्या त्याच्याकडे.

शल्यचिकित्सकांनो, संमतीपत्रावर सही घेण्याआधी रुग्णाला त्याच्या भाषेत सांगा की भूक परत येईल, साधारण केव्हा येईल आणि ती आली की कुणाकडे यायचं. पाठपुरावा किमान दोन वर्षांचा, ठरलेल्या तारखांचा ठेवा आणि तारीख चुकली तर तुमच्याकडून फोन जाऊ द्या. वजन वाढून आलेल्याला दुसरी शस्त्रक्रिया सुचवण्यापूर्वी तो काय, किती, कसा आणि केव्हा खातो हे नीट तपासा. कार्डही द्या, मराठीत आणि इंग्रजीत : कोणतं ऑपरेशन झालं, उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन, कोणती वेदनाशामकं टाळायची, फोन कुठे करायचा.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनो, पॅकेजमध्ये आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या दोन वर्षांच्या भेटी धरा. जिल्ह्यातल्या माणसाला त्यासाठी दरवेळी पुण्याला यायला लावू नका, व्हिडिओ कॉलवर भेटा. आहाराचा कागद विदर्भाचा, मराठवाड्याचा, कोकणाचा वेगळा लिहा. आणि प्रत्येक रुग्णाला घरी जाताना खूण केलेली एक स्टीलची वाटी द्या. ऑपरेशनच्या बिलात तिची किंमत नगण्य आहे.

विमा नियामकांनो, २०१९ च्या तुमच्या प्रमाणित अटींनुसार शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४० किंवा गंभीर सहआजारांसह ३५ लागतो आणि आधी साधे उपाय करून ते निष्फळ ठरलेले असावे लागतात. शस्त्रक्रियेच्या आधी इतकी काटेकोर अट आहे, तर नंतरच्या काळजीची काहीच अट का नसावी? दोन वर्षांच्या आहार-भेटी, रक्ताच्या ठरावीक तपासण्या आणि आवश्यक जीवनसत्त्वं हे सगळं विम्याच्या दाव्याचा भाग करा. एक बिघडलेला रुग्ण पुन्हा भरती झाला, तर त्याचा खर्च याहून जास्त येतो.

आरोग्य विभागाला विनंती अशी की जिल्हा रुग्णालयांतल्या असंसर्गजन्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात या रुग्णांची वेगळी नोंद ठेवावी. वजन, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि जेवणाची चौकशी, एवढं दर तीन महिन्यांनी झालं तरी पुष्कळ. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना थायमिनबद्दल एक परिपत्रक पाठवायला फार वेळ लागणार नाही.

आम्ही जिल्ह्या-तालुक्यांतले आहारतज्ज्ञ या कामात उतरायला तयार आहोत. तुमच्याकडून ऑपरेशनचा तपशील आणि एक संपर्क क्रमांक आमच्यापर्यंत पोचू द्या. त्या रुग्णाचं वजन, जेवण आणि रक्ताचे अहवाल दर तिमाहीला तुमच्याकडे परत पाठवण्याची जबाबदारी आमची.

आपली,
जिल्ह्याच्या ठिकाणची एक आहारतज्ज्ञ