अंगणातील जोंगेला निरोप

काम संपलेल्या वस्तूचे घरात काय करावे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. पाटा-वरवंटा, शिवणयंत्र, आजोबांची सायकल या वस्तूंना एक कोपरा पुरतो. त्या वर्षानुवर्षे तेथे पडून राहतात आणि आपण त्या जपल्या अशी आपली समजूत होते. परंतु जिला कोपरा पुरत नाही अशी वस्तू असली, म्हणजे ही समजूत तपासून पाहावी लागते. आमच्या पनागरच्या घरी गेल्या वर्षी ती वेळ आली. ती वस्तू म्हणजे बाबांची जोंगा.

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे १५ किलोमीटरांवर पनागर लागते. जबलपूरच्या संरक्षणविषयक कारखान्यांत नोकरीसाठी येऊन या भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. तेथील तोफगाडी कारखाना १९०४ सालचा, आणि वाहन कारखाना १९६९ सालचा. जपानच्या निस्सान कंपनीच्या पेट्रोल नावाच्या गाडीचा आराखडा परवान्याने घेऊन आपल्या सेनेसाठी येथे जी गाडी तयार होऊ लागली, ती जोंगा. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. सहा सिलिंडरांचे जवळजवळ चार लिटरांचे इंजिन, चारही चाकांना मिळणारी शक्ती आणि जाड पत्र्याचा देह. वाळवंटापासून डोंगरापर्यंत ती चालली. तिच्यावर रणगाडाविरोधी तोफही बसवीत असत. जपानमध्ये हा नमुना १९८० साली बंद झाला. जबलपुरात मात्र १९९९ पर्यंत तो तयार होत राहिला.

बाबा १९७५ साली कारखान्यात लागले आणि त्यांच्या हातांखालून अशा किती गाड्या गेल्या, याची मोजदाद त्यांच्यापाशीही नाही. पुढे सेनेत हलकी जिप्सी आली आणि जुन्या जोंगा लिलावात निघू लागल्या. २००१ साली त्यांनी तशी एक घेतली. आईने तेव्हा एवढेच विचारले होते की, दिवसभर जे करता तेच आता घरी येऊनही करणार का?

आमच्याकडील जमीन काळी. या मुलखाला ‘हवेली’ म्हणतात. शेतांना चारी बाजूंनी उंच बांध घालून पावसाळाभर पाणी साठवून ठेवायचे, आश्विनाच्या सुमारास ते सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बी पेरायची, ही येथील जुनी रीत. हल्ली जबलपूरचा मटार दूरदूरच्या बाजारांत जातो, तोही याच मातीतला. हिवाळ्यात अवेळी पाऊस झाला, म्हणजे मटाराने भरलेल्या ट्रॉल्या चिखलात रुतत आणि मग पहाटे आमच्या फाटकाची कडी वाजे. बाबा स्वेटर चढवून निघत, साखळी अडकवीत, पुढच्या चाकांचा दांडा ओढीत आणि ट्रॉली हलकेच बाहेर येई. मोबदला म्हणून घरी येणाऱ्या शेंगा सोलण्याचे काम आम्हां भावंडांकडे असे. मी गाडी शिकले तीही तिच्यावरच. क्लच दाबण्यासाठी मला आसनावरून जवळजवळ उभे राहावे लागे.

२०२२ साली बाबांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो क्लच त्यांना झेपेनासा झाला. दोन पावसाळे जोंगा अंगणातच उभी राहिली. टायरांना चिरा गेल्या, उंदरांनी तारा कुरतडल्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. तो खर्च, विम्याचा हप्ता आणि न चालणाऱ्या गाडीची दुरुस्ती, हे सारे निवृत्तिवेतनातूनच होत होते.

वाचकहो, येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. गाडी विकू नये असा हट्ट बाबांचा नव्हता, माझा होता. नोकरीमुळे मी बाहेरगावी असते. ‘तुम्ही स्वतः बांधलेली गाडी परक्याला कशी द्याल?’ असे मी दूरध्वनीवर तावातावाने विचारले. बाबा शांतपणे म्हणाले, “तू वर्षातून दोनदा येतेस, तिच्यापाशी उभी राहून छायाचित्र काढतेस आणि जातेस. टायरांत हवा मी भरतो.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझे प्रेम माझ्या लहानपणावर होते. गाडीचा भार मात्र बाबांवर होता.

गिऱ्हाइके तीन आली. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. एका मंगल कार्यालयाच्या मालकास ती रंगवून फाटकाशी शोभेसाठी ठेवावयाची होती, आणि त्याची बोली सर्वांत मोठी होती. तिसरा नागपूरकडचा एक तरुण, जुनी वाहने दुरुस्त करून चालविणारा. त्याने किल्ली मागितली नाही. प्रथम झाकण उघडून तेलाची पट्टी काढून पाहिली, मग गाडीखाली जाऊन बराच वेळ काही तपासले. तो बाहेर आला तेव्हा बाबांनी आईला चहा ठेवण्यास सांगितले, त्यावरूनच मला निर्णय कळला. किंमत मधली ठरली.

तथापि व्यवहार तेवढ्यावर संपू दिला नाही, आणि याला कारण आहे. पूर्वी आमच्या घरची एक स्कूटर ओळखीच्या माणसास साध्या चिठ्ठीवर विकली होती. काही वर्षांनी तिच्या अपघाताची न्यायालयाची नोटीस बाबांच्या नावाने आली. कारण सरकारी नोंदवहीत मालक तेच होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणाचा निकाल दिला. त्यातील गाडी एकापाठोपाठ अनेक हातांत गेली होती. तरी भरपाईसाठी मालक म्हणून ज्याचे नाव नोंदवहीत होते त्यासच जबाबदार धरण्यात आले. चिठ्ठीने गाडी दाराबाहेर जाते, जबाबदारी घरातच राहते.

म्हणून आपणांपैकी कोणी गाडी विकणार असेल, तर एवढे अवश्य करावे. नमुना २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयात द्यावे. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याप्रमाणे विक्रीची खबर विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत द्यावयाची असते; गाडी परराज्यात जाणार असेल तर ही मुदत ४५ दिवसांची आहे आणि त्यासाठी नमुना २८ वर ना-हरकत दाखलाही लागतो. घेणाऱ्यास आपले नाव लावण्यासाठी ३० दिवस असतात, आणि विमा बदलण्यासाठी त्याने १४ दिवसांत विमा कंपनीस कळवावे लागते. आपल्या बँकखात्याशी जोडलेला फास्टॅग असल्यास तो बंद करावा. गाडी मोडीतच द्यावयाची असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रातच द्यावी, तेथून जमा-प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी. नाव बदलल्याचे सरकारी नोंदीत स्वतः पाहिल्याशिवाय आपले काम संपले असे मानू नये.

आमची कागदपत्रे पुरी झाली आणि कार्तिकातील एका सकाळी तो तरुण जोंगा नेण्यास आला. बाबांनी त्याला जास्तीचा कार्बोरेटर दिला, जपून ठेवलेली गॅस्केटे दिली आणि एक निळी वही दिली. २००१ पासूनची प्रत्येक दुरुस्ती तारखेसह तिच्यात लिहिलेली होती. ती वही मला हवी होती. पण तिचा उपयोग गाडीजवळच होता, हे मलाही पटले. थंडीमुळे इंजिन तिसऱ्या खेपेस सुरू झाले. तो आवाज महामार्गाच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. बाबा फाटकाशी उभे होते, आवाज थांबल्यावर ते म्हणाले, “दुसरा गिअर जरा उशिरा टाकतो. शिकेल.”

महिन्याभरात नागपूरच्या बाजूला नाव लागल्याची प्रत आली. ती त्यांनी फाइलीत लावली आणि फाइल बंद केली. अंगणात गाडीच्या जागी तेलाचा काळा डाग आहे. तेथे काही उगवत नाही, म्हणून आईने त्यावर वाळवणाची बाज टाकली आहे.

आपल्याही अंगणात झाकून ठेवलेली एखादी गाडी असेल, तर पुढच्या सुट्टीत तिचे झाकण काढून एकदा पाहावे. तिची चाके कोण फिरवते आणि तिच्यासाठी खर्च कोण करते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांस विचारावे. ठेवायची की द्यायची, ते त्यानंतर ठरवावे.