लहान गटाची लिस्बन सहल: गाइडला कोणते प्रश्न विचारावेत?

१/ युरोपातील जुन्या राजधान्या पाहण्यासाठी 'लहान गटाची सहल' आता सर्वत्र मिळते. आठ-बारा प्रवासी, एक गाइड, तीन-चार तासांची पायपीट. लिस्बनमध्ये तर अशा सहलींचा सुकाळ आहे. तिचे फायदे उघड आहेत: बस शिरत नाही त्या गल्लीत जाता येते, गाइडचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो आणि त्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो.

२/ या तिसऱ्या फायद्याचा उपयोग आपण जवळजवळ कधीच करत नाही, ही माझी तक्रार आहे. लिस्बनच्या बाबतीत ती अधिकच गंभीर ठरते, कारण गोवा, वसई, चौल, दमण यांच्याविषयीचे निर्णय या शहरात शतकानुशतके होत आले. तिथे मुकाट्याने ऐकून घेणारा मराठी प्रवासी स्वतःच्या इतिहासाची दुसऱ्याने लिहिलेली आवृत्ती पैसे देऊन विकत घेतो. म्हणून हा थ्रेड: नेहमीचे थांबे आणि तिथे विचारावयाचे प्रश्न.

३/ पहिला थांबा बेलेम. तेजो नदीच्या काठावरील जेरोनिमुश मठाचे बांधकाम राजा मानुएलच्या काळात, सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. दगडात कोरलेले दोरखंड, समुद्री वनस्पती आणि खगोलयंत्रे पाहून माणूस स्तिमित होतो. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची कबर दिसते. त्याचा मृत्यू १५२४ मध्ये कोची येथे झाला. या मठात त्याचे अवशेष आले ते १८८० मध्ये, म्हणजे साडेतीनशे वर्षांनी.

४/ येथे विचारावयाचा प्रश्न साधा आहे: हा मठ कोणाच्या पैशातून उभा राहिला? उत्तर असे, की आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापाराच्या उत्पन्नातील सुमारे विसावा हिस्सा त्यासाठी राखून ठेवला होता. त्या व्यापारात मलबारची मिरी मुख्य होती. काही गाइड हे सांगतात, पण कौतुकाच्या सुरात. मिरीचा व्यापार कसा मिळवला, हा त्यापुढचा प्रश्न तुम्हालाच विचारावा लागतो.

५/ गामा ८ जुलै १४९७ रोजी येथून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी येथे त्याला पुढची वाट ठाऊक असलेला वाटाड्या मिळाला. म्हणजे हिंदी महासागराचा तो मार्ग अरब, गुजराती आणि आफ्रिकी खलाशांच्या नित्य वहिवाटीतला होता. युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून येणे ही मोठीच नौकानयन-कामगिरी. तिला 'भारताचा शोध' म्हणणे ही मात्र वेगळी गोष्ट.

६/ १५०२ मधील त्याच्या दुसऱ्या सफरीविषयीही विचारा. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे 'मीरी' नावाचे जहाज त्याने लुटले आणि शेकडो माणसांसह जाळले. ही शत्रूने रचलेली कहाणी नव्हे. ताफ्याबरोबर असलेल्या पोर्तुगीज माणसानेच ती लिहून ठेवली आहे. कबरीसमोर उभे राहून हे विचारण्यात असभ्यता नाही. कबर पाहावयास नेणाऱ्याने एवढी तयारी ठेवलीच पाहिजे.

७/ दुसरा थांबा बेलेमचा बुरूज. छायाचित्रे काढून मंडळी निघू लागतात, तेव्हा गाइडला गेंडा दाखवावयास सांगा. एका टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचे झिजलेले शिल्प आहे. त्याची कथा थेट गुजरातेत सुरू होते. अफोंसो द अल्बुकर्क याला दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी हवी होती. सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने ती नाकारली. मात्र राजनैतिक शिष्टाचार म्हणून भेटी दिल्या. त्यांत एक जिवंत गेंडा होता.

८/ हा गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली आणि हत्तीने पळ काढला. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला; वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि गेंडाही मेला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने केवळ वर्णन आणि रेखाटन यांच्या आधारे, गेंडा न पाहताच त्याचे प्रसिद्ध काष्ठमुद्राचित्र केले.

९/ सहलीत ही कथा गंमत म्हणून येते. मला ती राजकीय दस्तऐवज वाटते. बुरुजावरचा तो प्राणी एका भारतीय सत्ताधीशाच्या नकाराची खूण आहे. १५१५ मध्ये पोर्तुगीज हे किनाऱ्यावरील अनेक सत्तांपैकी एक होते, त्यांना 'नाही' म्हणता येत होते, हे त्या दगडातून कळते. 'जहाजे आली आणि पूर्व जिंकली' या सरधोपट कथनाला तो छोटा गेंडा पुरून उरतो.

१०/ तिसरा थांबा जवळच: नदीत झेपावणाऱ्या जहाजाच्या आकाराचे 'शोधांचे स्मारक'. पुष्कळ प्रवासी ते प्राचीन समजतात. प्रत्यक्षात त्याची पहिली, तात्पुरती आवृत्ती १९४० च्या प्रदर्शनासाठी उभारली गेली आणि आजचे काँक्रीट-दगडातील स्मारक १९६० चे आहे. दोन्ही वेळा सत्तेवर सालाझारची हुकूमशाही होती. दर्यावर्दी, राजे, धर्मोपदेशक, कवी अशा तेहेतीस पुतळ्यांत स्त्री एकच. आणि जिथे जहाजे पोहोचली, तिथला माणूस एकही नाही.

११/ समोरच्या फरसबंदीवर जगाचा नकाशा असलेले मोठे दिशाचक्र आहे. ते दक्षिण आफ्रिकेने दिलेली भेट. १९६० मधील दक्षिण आफ्रिका म्हणजे वर्णद्वेषी राजवट. हा तपशील कळल्यावर स्मारक पंधराव्या शतकाविषयी कमी आणि विसाव्या शतकाविषयी अधिक बोलू लागते. वसाहती सोडावयाच्या नाहीत, असे ते जगाला बजावत होते. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला.

१२/ येथे मराठी प्रवाशाने आणखी एक नाव उच्चारावे. स्मारकापासून काही किलोमीटर पश्चिमेला काशियास येथे राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. सांगलीचे आणि गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले मोहन रानडे तिथे बंदिवान होते. १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते पकडले गेले. गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे ते सुटले नाहीत. त्यांची सुटका १९६९ मध्ये झाली.

१३/ कास्काइशच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी लोकल याच काशियास स्थानकावरून जाते. डब्यात बसलेल्या किती मराठी प्रवाशांना हे ठाऊक असेल? सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत रानड्यांचे नाव येणार नाही, आणि त्यात गाइडचा दोषही नाही. ती आठवण नेण्याची जबाबदारी आपली आहे. लहान गटात ती सांगता येते. उरलेले अकरा जण ऐकतातही.

१४/ आता शहराच्या मध्यभागी. बायशा भागातील सरळ, काटकोनी रस्ते पाहून 'जुने लिस्बन कुठे आहे?' असा प्रश्न पडतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणादिवशी, भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली आणि मग आग. नदीकाठचा राजवाडा, राजग्रंथालय आणि पूर्वेच्या व्यापाराचा कारभार पाहणारी 'कासा द इंडिया' नष्ट झाली. भारतासंबंधीची कितीतरी कागदपत्रे त्यातच गेली.

१५/ चौथा थांबा रोसिओ चौक. उत्तरेला देखणे राष्ट्रीय नाट्यगृह आहे. ते १८४६ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी याच जागी एशताउश राजवाडा होता आणि त्यात इन्क्विझिशनचे ठाणे. पोर्तुगालमध्ये हे धर्मन्यायालय १५३६ मध्ये स्थापन झाले. गोव्यातील शाखा १५६० मध्ये सुरू झाली आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालली. गोव्याचे न्यायालय लिस्बनमधील सर्वोच्च मंडळाला उत्तरदायी होते.

१६/ लिस्बनच्या न्यायालयाची हजारो प्रकरणे तोरे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येतात. गोव्यातील खटल्यांची कागदपत्रे मात्र न्यायालय बंद झाल्यावर बहुतांशी नष्ट करण्यात आली. लिस्बनमधील आरोपीचा जबाब आपल्याला मिळतो, गोव्यातील आरोपीचा बहुधा मिळत नाही. नाट्यगृहासमोर उभे राहिल्यावर गाइडला विचारा: येथे पूर्वी काय होते? उत्तरावरून सहलीची प्रत कळेल.

१७/ येथून मिनिटभरावर साँव दोमिंगुश चर्चचे छोटे पटांगण आहे. एप्रिल १५०६ मध्ये येथूनच 'नवख्रिस्ती' लोकांच्या, म्हणजे १४९७ मध्ये बळाने बाटवलेल्या ज्यूंच्या, कत्तलीला सुरुवात झाली. तीन दिवसांत निदान दोन हजार माणसे मारली गेली असे मानतात. २००८ मध्ये तिथे एक साधे स्मारक उभारले गेले. त्याच पटांगणात जिंजिन्या नावाची चेरीची मद्यार्क-पेये विकणारे जुने दुकान आहे.

१८/ बहुतेक सहली त्या दुकानापाशी थांबतात, काही स्मारकापाशीही. पेय घेण्याला माझी हरकत नाही, चौक जिवंत माणसांसाठीच असतात. मात्र दोन थांब्यांपैकी एकच ठेवावयाचा झाल्यास कोणता राहतो, यावरून सहल आखणाऱ्याची नियत कळते.

१९/ पाचवी जागा बहुतेक सहलींत नसतेच. सोळाव्या शतकाच्या मध्यास लिस्बनच्या लोकसंख्येत सुमारे दहावा हिस्सा गुलामांचा होता. १५१५ मध्ये राजा मानुएलने मृत गुलामांची प्रेते टाकण्यासाठी खोल खड्डा खणून त्यात वेळोवेळी चुना टाकण्याचा हुकूम दिला. 'पोसू दुश नेग्रुश', म्हणजे 'कृष्णवर्णीयांची विहीर', या रस्त्याचे नाव त्या खड्ड्याशी जोडले जाते. गेंडा लिस्बनला आला, त्याच वर्षीची ही गोष्ट.

२०/ सहावा थांबा कार्मु चौक. भूकंपात छप्पर गेलेल्या मठाच्या कमानी सगळेच पाहतात. शेजारच्या लष्करी ठाण्यात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान शरण आला. आफ्रिकेतील वसाहती-युद्धांना विटलेल्या सैन्याधिकाऱ्यांनी ती क्रांती घडवली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने अधिकृतपणे मान्य केले ते त्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. काशियासच्या तुरुंगाची दारेही त्याच क्रांतीने उघडली.

२१/ आता आक्षेपांकडे वळू. पहिला: माणसे सुट्टीसाठी येतात, गाइडचे पोट बक्षिसीवर चालते, त्याने उदास कथा का सांगाव्यात? आक्षेप रास्त आहे. गाइड हा प्राध्यापक नव्हे. पण मागणी बदलली की माल बदलतो. दहांपैकी दोघांनी दर सहलीत नाट्यगृहाच्या जागेविषयी विचारले, तर महिनाभरात तो मजकूर गाइडच्या बोलण्यात आपोआप येईल.

२२/ दुसरा आक्षेप: ही पोर्तुगीजांना दोषी ठरवण्याची टूम आहे. तसे नाही. हे प्रश्न सर्वांत आधी पोर्तुगीज अभ्यासकांनीच विचारले आहेत. २०१८ मध्ये लिस्बनमध्ये 'शोधांचे संग्रहालय' काढण्याची चर्चा होती, तेव्हा तेथील अनेक इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहून त्या नावालाच विरोध केला. शिवाय ज्या राजवटीने रानड्यांना डांबले, तिने स्वतःच्या नागरिकांनाही त्याच तुरुंगात टाकले होते.

२३/ आणि हाच निकष घरीही लावावा लागेल. वसईच्या किल्ल्यातील आपली भटकंती बहुधा १७३९ च्या मोहिमेपासून सुरू होते आणि चिमाजी आप्पांच्या विजयाशी संपते. विजय मोठाच होता. पण १५३४ ते १७३९ ही दोनशे वर्षे, पडक्या चर्चमधील थडग्यांवरचे लेख, आणि आजही सामवेदी बोली बोलणारा वसईचा ख्रिस्ती समाज यांविषयी किती गाइड बोलतात? आणि आपण तरी किती विचारतो?

२४/ सारांश. लिस्बनला जाल तेव्हा लहान गट जरूर निवडा, आणि हे चार प्रश्न खिशात ठेवा:
• हे कोणाच्या पैशातून उभे राहिले?
• ही वास्तू खरोखर कोणत्या काळी आणि कोणत्या राजवटीत बांधली गेली?
• या जागी पूर्वी काय होते?
• या कथेतले कोण येथे कोरलेले नाही?

२५/ हे प्रश्न नम्रपणे विचारावेत, उत्तर ठाऊक असल्यास ते गाइडवर आदळू नये. चांगल्या गाइडला असे प्रवासी आवडतात. बोलण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ असते, फक्त कोणी विचारत नाही.

तुमच्यापैकी कोणी लिस्बन, गोवा किंवा वसई गाइडबरोबर पाहिले असेल, तर तुम्हाला काय सांगितले गेले आणि काय वगळले गेले, ते खाली अवश्य लिहा.