वेदनेची मुलाखत आणि संशोधकाचे दायित्व

‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनांनंतर भोगलेल्या दुःखाला मराठी साहित्यविचारात पुराव्याचे मोल आले. अभ्यासाची कक्षा ग्रंथाबाहेर, वस्त्या व वसतिगृहांतील तरुणांच्या मौखिक कथनांपर्यंत विस्तारली, हे इष्टच होय. तथापि या विस्तारात एक मूलभूत भेद नजरेआड होतो. केव्हा बोलायचे आणि काय गाळायचे, हे आत्मकथनकार स्वतः ठरवतो. दया पवार यांनी बालपण ग्रंथबद्ध केले ते चाळिशी ओलांडल्यावर. सोळा वर्षांच्या मुलीला घरातील हिंसेविषयी विचारले जाते, तेव्हा मात्र वेळ, क्रम आणि प्रश्न हे सर्व संशोधकाचे असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १८ या वयोगटातील मुलांचा स्वतःचा होकारही आवश्यक मानतात. ती आरोग्यसंशोधनासाठी असली, तरी त्यांमागील विवेक साहित्याभ्यासालाही लागू पडतो. अधीक्षकांनी बोलावून आणलेल्या मुलाचा होकार कितपत मोकळा असतो? आणि अत्याचार घरातच घडला असेल, तर पालकाची संमती कोणाचे रक्षण करते?

गुप्ततेचे आश्वासनही तितकेसे सरळ नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे म्हणून कथन मिळविणारा संशोधक एकतर कायदा मोडतो किंवा विश्वास. ही मर्यादा मुलाखतीपूर्वीच सांगितली पाहिजे.

यावर असा आक्षेप संभवतो की, न विचारणे म्हणजे मौनालाच बळ देणे. तो रास्त आहे. काहींना बोलल्याने हलकेही वाटते. परंतु त्यातून विचारण्याचा सरसकट अधिकार सिद्ध होत नाही. सिद्ध होते ती तयारीची आवश्यकता. प्रकाशित साहित्यातून उत्तर मिळत असताना मुलाला पुन्हा तो प्रसंग आठवायला लावणे समर्थनीय नाही. जेथे विचारणे अपरिहार्य आहे, तेथे उत्तर नाकारण्याची व नंतर कथन मागे घेण्याची मुभा असावी, आणि मुलाखतीनंतर मुलाजवळ कोण असेल हे आधीच निश्चित असावे. संशोधन आराखड्यास मान्यता देताना विभागांनी हे प्रश्न विचारले पाहिजेत. प्रबंधाला पदवी मिळते. कथन करणारे मूल त्याच घरी, त्याच वसतिगृहात परतते.